अभावावरून दिलेले नाव : ‘उत्प्रेरकविरहित’ जैवडिझेल आणि विक्रियकाची मराठी परिभाषा

१

शास्त्रीय परिभाषेची चिकित्सा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. संज्ञा संस्कृत असावी की देशी, हा तिचा एक प्रश्न. आणि ती सुबोध आहे की दुर्बोध, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्याही आधी विचारावयास हवा असा एक तिसरा प्रश्न मागे पडला आहे. संज्ञा वाचकापुढे वस्तूचे जे चित्र उभे करते, ते त्या वस्तूचे खरे चित्र असते काय? शब्द सोपा असूनही खोटे चित्र दाखवू शकतो. आणि अवघड शब्द एकदा उकलला की वस्तूच्या मर्मापर्यंत नेतो. या तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर प्रस्तुत लेखात एका लहानशा शब्दसमूहाची परीक्षा करावयाची आहे. तेलापासून उत्प्रेरकावाचून जैवडिझेल बनविण्याची जी पद्धत आहे, तिचे व तिला लागणाऱ्या विक्रियकाचे वर्णन मराठीत ज्या शब्दांनी केले जाते, तो हा समूह होय.

परीक्षेसाठी वाचक कोणता कल्पावा, हे प्रथम ठरविले पाहिजे. पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकले, की इंदापूर तालुक्यातील डाळज लागते. सरकारी दप्तरात डाळज क्रमांक १, २ आणि ३ अशी आकड्यांनी ओळखली जाणारी तीन गावे आहेत. आकड्याने गाव कोणते ते कळते, कसे ते कळत नाही. परिभाषेतील कित्येक शब्दांची स्थिती याहून वेगळी नाही. एका बाजूला उजनीचा जलाशय आणि सभोवार ऊस, असा हा प्रदेश आहे. येथील वाचकाने गुऱ्हाळ पाहिलेले असते, विहिरीवरचे डिझेल इंजिन खोलून पुन्हा बसविलेले असते, साखर कारखान्यातील बॉयलरचा दरारा त्याला ठाऊक असतो. रसायनशास्त्राची पदवी त्याच्याजवळ असेलच असे नाही. अशा वाचकापुढे उद्या एखाद्या नव्या यंत्राचे मराठी माहितीपत्रक आले, तर त्यातील शब्दांच्या आधारे त्याला विक्रेत्यास योग्य प्रश्न विचारता येतील काय? या परीक्षेला आपण सोयीसाठी ‘डाळजची कसोटी’ असे म्हणू. ही कसोटी केवळ भाषेची नाही. चुकीच्या शब्दामुळे चुकीचे यंत्र विकत घेतले जाऊ शकते, आणि या विशिष्ट यंत्राच्या बाबतीत चुकीची किंमत पैशांपुरती राहत नाही.

२

शब्दांकडे वळण्यापूर्वी मूळ क्रिया थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. वनस्पतितेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनाच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले. हे तेल साध्या डिझेलच्या मानाने दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. डिझेल इंजिन तेलावर मुळीच चालत नाही असे नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु दाट तेलाचा फवारा नीट उडत नाही, ते पुरते जळत नाही आणि इंजिनात काजळी व चिकटा साठतो. यावर उपाय म्हणजे रेणूचे लहान तुकडे करणे. ग्लिसरिनाला बाजूला सारून त्याच्या जागी मिथिल अल्कोहोल बसविले, की एका मोठ्या रेणूपासून तीन लहान एस्टर मिळतात. हे एस्टर म्हणजेच जैवडिझेल. आम्ले तीच राहतात, त्यांचा जोडीदार तेवढा बदलतो. या क्रियेला इंग्रजी संज्ञेच्या वळणावर निरनिराळी लांबलचक नावे दिली जातात. हवापालट, खांदेपालट या रूढ शब्दांच्या धर्तीवर तिला ‘एस्टरपालट’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण या शब्दात नेमके काय घडते तेच सांगितले आहे.

रूढ पद्धतीत ही पालट कॉस्टिक सोडा किंवा तत्सम अल्कलीच्या साहाय्याने होते. तापमान सुमारे ६० अंश सेल्सियस, दाब वातावरणाचा, वेळ सुमारे एक तास. आणि तेलाच्या एका रेणूमागे अल्कोहोलचे सहा रेणू. प्रत्यक्षात तीनच खर्ची पडतात. उरलेले तीन क्रिया पुढे रेटण्यासाठी असतात. हे सगळे लहानशा कारखान्यातही साधते. अडचण निराळीच आहे. तेल जुने, खवट किंवा ओलसर असेल तर त्यात सुटी मेदाम्ले वाढतात. त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्क्याच्या पलीकडे गेले, की अल्कली त्या आम्लांशी संयोग पावून साबण बनवू लागते. अल्कली वाया जाते, जैवडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे होईनासे होतात, आणि धुण्यासाठी पाणीच पाणी लागते. साठवणीतील करंजतेल, तळणीचे उरलेले तेल ही स्वस्त तेले नेमकी याच दोषाची असतात. म्हणजे जे तेल इंधनासाठी वापरणे योग्य, तेच या पद्धतीला मानवत नाही. यातूनच अल्कलीवाचून एस्टरपालट घडविण्याचा विचार पुढे आला.

३

आता ‘उत्प्रेरक’ हा शब्द पाहू. अल्कली ज्या भूमिकेत येथे येते, तिचे हे नाव. युरोपीय भाषांतील मूळ संज्ञा बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ग्रीक शब्दावरून घडविली. त्या ग्रीक शब्दात सैल करणे, सोडविणे हा अर्थ आहे. आपल्या शब्दात उत् आणि प्र हे उपसर्ग व ईर् हा गतिवाचक धातू आहे. म्हणजे ग्रीक शब्द गाठ सैल करणाऱ्याचे चित्र दाखवितो, तर आपला शब्द मागून ढकलणाऱ्याचे. ही दोन चित्रे एक नव्हेत.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला हा भेद चटकन जाणवेल. ‘मूल जेवते’ आणि ‘आई मुलाला जेववते’ या दोन वाक्यांत जो फरक आहे तो प्रयोजकाचा आहे. दुसऱ्या वाक्यातील आई ही क्रियेची प्रेरक आहे. ती नसती तर क्रिया घडली नसती, असे वाक्याचे गृहीत आहे. ‘उत्प्रेरक’ हा शब्द रासायनिक द्रव्याला याच आईच्या जागी बसवितो. परंतु रसायनशास्त्र असे म्हणत नाही. ऑस्टवाल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट केले, की असे द्रव्य केवळ क्रियेचा वेग बदलते. क्रिया शेवटी कोठे जाऊन स्थिरावणार, ते त्याच्या हाती नसते. जे घडण्याजोगे आहे तेच ते लवकर घडविते. म्हणून ते प्रयोजक नव्हे. वाट सुकर करणारे असे फार तर म्हणता येईल.

या संदर्भात जपानी भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. उत्प्रेरकाला तेथे ‘शोकुबाइ’ म्हणतात. त्यातील पहिल्या चिन्हाचा अर्थ स्पर्श आणि दुसऱ्याचा मध्यस्थ. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासाठी योजल्या जाणाऱ्या शब्दातही हेच दुसरे चिन्ह येते. मध्यस्थाची उपमा आपल्याकडेही सहज समजण्यासारखी आहे. तो सोयरीक जुळवितो, पुढे संसारात राहत नाही. तो नसला तरी लग्ने होतातच. मात्र दोन्ही घरांना अधिक हेलपाटे पडतात. हा शेवटचा अर्थ महत्त्वाचा आहे. ‘मध्यस्थाविना’ म्हटले की वाचक आपोआप विचारतो, मग ते हेलपाटे कोणी घातले? ‘उत्प्रेरकाविना’ म्हटल्यावर मात्र त्याच्या मनात दोनच कल्पना येतात. प्रेरकावाचून क्रिया होणार नाही, म्हणजे हे अशक्य आहे, ही एक. आणि तरीही ती होते, म्हणजे हा चमत्कार आहे, ही दुसरी. दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत.

याचा अर्थ ‘उत्प्रेरक’ हा शब्द टाकून द्यावा असा नाही. शालेय पुस्तकांपासून विश्वकोशापर्यंत तो रुजला आहे, आणि रुजलेली संज्ञा उपटून नवी लावण्याने गोंधळच वाढतो. परंतु शब्द ठेवूनही त्याचे स्पष्टीकरण सुधारता येते. ‘प्रेरणा देणारा’ असा अर्थ सांगण्याऐवजी ‘वेग वाढविणारा मध्यस्थ’ असे सांगितले, तर अर्धे काम झाले.

४

खरी अडचण ‘विरहित’ या उत्तरपदात आहे. एखाद्या वस्तूला तिच्यात काय नाही यावरून नाव देणे भाषेला नवे नाही. ‘बिनतारी’ हा शब्द मराठीने किती सहज पचविला! ‘बिनधुराची चूल’ किंवा ‘बिनबियांची द्राक्षे’ यांनीही कोणाची दिशाभूल केलेली नाही. मग ‘उत्प्रेरकविरहित’ या शब्दावरच आक्षेप का? कारण असे, की तार, धूर आणि बी या वस्तू वाचकाला आधीच परिचित होत्या, त्यांचा जाच त्याने सोसलेला होता, आणि त्यांचे नसणे हाच नव्या वस्तूचा मुख्य गुण होता. अभावावरून दिलेले नाव यशस्वी व्हावयाचे तर या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. उत्प्रेरक ही सामान्य वाचकाच्या परिचयाची वस्तू नव्हे. तिचा जाच त्याने अनुभवलेला नाही. आणि तिचे नसणे हा या पद्धतीचा एक गुण असला तरी तिचे स्वरूप त्यात नाही.

याहून जवळचे उदाहरण ‘विनाअनुदानित’ या शब्दाचे आहे. हाही अभाववाचक शब्द आहे. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही पालकाला त्याचा पुरा अर्थ कळतो: शासन पैसे देत नाही, म्हणून ते आपणास द्यावे लागतील. अभाव आणि त्याची भरपाई या दोन्ही गोष्टी त्या शब्दात अनुभवाने भरल्या आहेत. ‘उत्प्रेरकविरहित’ या शब्दात भरपाईची बाजू रिकामी आहे. ती कोणती, हे आता पाहू.

क्योतो विद्यापीठातील शिरो साका आणि दादान कुस्दियाना यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात आधारभूत मानले जातात. त्यांनी मोहरीवर्गातील रेपसीड तेल आणि मिथिल अल्कोहोल एका बंद पात्रात घालून ते ३५० अंशांवर तापविले. दाब ४५ ते ६५ मेगापास्कल होता, म्हणजे वातावरणाच्या साडेचारशे ते साडेसहाशे पट. तेलाच्या एका रेणूमागे अल्कोहोलचे ४२ रेणू होते. २४० सेकंदांत पालट पुरी झाली. तासाचे काम चार मिनिटांत झाले, ही वार्ता खरोखर आश्चर्यकारक आहे. परंतु हे पात्र निकेलप्रधान मिश्रधातूचे होते आणि त्यात ५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक चमचा द्रव मावत असे, हेही त्याच वार्तेचे अंग आहे.

आता हिशेब मांडू. तेलाच्या रेणूचे वजन सुमारे ८८० आणि मिथिल अल्कोहोलचे ३२ धरले, तर १ किलो तेलाला रूढ पद्धतीत सुमारे २२० ग्रॅम अल्कोहोल लागते. ४२ रेणूंच्या प्रमाणात मात्र सुमारे दीड किलो लागते. त्यांपैकी क्रियेत प्रत्यक्ष खर्ची पडते ते सुमारे ११० ग्रॅम. बाकीचे सर्व पुन्हा वेगळे करून, गाळून, परत वापरावे लागते. म्हणजे मध्यस्थाचे काम तीन ठिकाणी वाटले गेले आहे: उष्णतेवर, दाबावर आणि अल्कोहोलच्या आधिक्यावर. अल्कलीचा खर्च वाचतो, साबण होत नाही, धुण्याचे पाणी वाचते, ग्लिसरीन अधिक शुद्ध मिळते आणि खवट तेलही चालते. हे सर्व लाभ खरे आहेत. परंतु त्यांची किंमत बॉयलर, पंप आणि पोलाद यांना द्यावी लागते.

शिवाय ‘विरहित’ हे विशेषण काटेकोर अर्थाने तरी खरे आहे काय, असाही प्रश्न आहे. विक्रियकाची भिंत धातूची असते. निकेल आणि पोलाद यांच्या पृष्ठभागाचा या पालटीच्या वेगावर परिणाम होतो, असे निरीक्षण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात नोंदलेले आहे. म्हणजे ज्या मध्यस्थाला दारातून घालविले, तो भिंतीच्या रूपाने घरातच उभा असण्याचा संभव आहे. ज्या नावाचे सत्यत्व पात्र कशाचे आहे यावर अवलंबून राहते, ते नाव पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण होऊ शकत नाही.

५

मग तिचे व्यवच्छेदक लक्षण कोणते? त्याचे उत्तर ‘क्रांतिक’ या शब्दात आहे. प्रत्येक द्रवाची एक सीमा असते. त्या तापमानाच्या व दाबाच्या पलीकडे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. मिथिल अल्कोहोलची ही सीमा सुमारे २३९ अंश सेल्सियस आणि ८१ बार दाबावर आहे. सीमा ओलांडली की अल्कोहोलची रीत बदलते. एरवी तेल आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळत नाहीत, दोन थर करून राहतात. योग्य स्थितीत सीमेपलीकडे ती एकजीव होतात. पालट वेगाने होते ती यामुळे आणि वाढलेल्या तापमानामुळे.

या सीमेला मराठीत ‘क्रांतिक बिंदू’ म्हणतात. आजच्या वाचकाला ‘क्रांती’ म्हटले की उठाव आठवतो, आणि म्हणून हा शब्द अनेकदा टीकेस पात्र ठरतो. परंतु येथे टीका उतावीळ आहे. शब्दाच्या मुळाशी क्रम् हा धातू आहे. पाऊल टाकणे, ओलांडणे हा त्याचा अर्थ. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तेव्हा आपण संक्रांत म्हणतो, ती याच अर्थाने. ‘क्रांतिक’ शब्दात उठाव न ऐकता संक्रांत ऐकावी, एवढेच वाचकाला सांगितले की शब्द उजळतो. युरोपीय संज्ञेत निवाड्याची कल्पना आहे, आपल्या संज्ञेत ओलांडण्याची. आणि वस्तुस्थितीला आपलीच अधिक जवळची आहे. सीमेपलीकडील अल्कोहोलला कालातीत, गुणातीत या शब्दांप्रमाणे ‘क्रांतिकातीत’ म्हणता येईल. ‘उत्प्रेरकविरहित पद्धत’ याऐवजी ‘क्रांतिकातीत अल्कोहोलाची पद्धत’ असे म्हटले, तर नाव अभावावरून न राहता भावावरून येते. शब्द प्रथम ऐकताना अडेल, हे कबूल आहे; परंतु तो अडतो ते योग्य ठिकाणी. ‘कशाची सीमा ओलांडली?’ असा प्रश्न वाचकाच्या मनात उमटतो, आणि उत्तरात तापमान व दाब हे दोन आकडे येतातच.

६

आता विक्रियक. या एका वस्तूसाठी मराठीत तीन निरनिराळ्या परंपरांचे शब्द आहेत. विश्वकोशाने ‘विक्रिया’ हा शब्द स्वीकारला, त्यावरून ‘विक्रियक’. शालेय पुस्तकांनी ‘अभिक्रिया’ स्वीकारली. वृत्तपत्रांनी अणुऊर्जेच्या संदर्भात ‘अणुभट्टी’ रूढ केली आणि तिच्यावरून कोणत्याही विक्रियकाला ‘भट्टी’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘विक्रियक’ शब्दात प्रथम विक्रीचा भास होतो, ही तक्रार किरकोळ आहे. सवयीने ती जाईल. ‘भट्टी’ या शब्दाविषयीची तक्रार मात्र गंभीर आहे.

भट्टी म्हटल्यावर डाळजच्या वाचकाला काय दिसते? विटांची, चुन्याची किंवा लोहाराची भट्टी. नाही तर गुऱ्हाळातील चुलवण आणि तीवरची काहील. या सर्वांत जाळ असतो, तोंड रुंद असते, माल उघडा असतो, आणि अधिक माल हवा तर भांडे मोठे करावयाचे असते. क्रांतिकातीत पद्धतीच्या विक्रियकात यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. कारण दाबाचा नियम वेगळा आहे. पात्राच्या भिंतीवरील ताण दाबाच्या आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. २०० बार दाब आहे आणि धातूला १०० मेगापास्कल ताण सुरक्षितपणे सोसतो असे धरले, तर भिंतीची जाडी त्रिज्येच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी हवी. १० मिलिमीटर त्रिज्येच्या नळीला २ मिलिमीटर जाडी पुरते. अर्धा मीटर त्रिज्येच्या काहिलीला १०० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहून जाड पोलाद लागेल. म्हणून काहील मोठी करून उत्पादन वाढविण्याचा मार्ग येथे बंद आहे. मार्ग उरतो तो नळी लांब करण्याचा.

ती किती लांब? ताशी १०० लिटर मिश्रण पाठवावयाचे आहे आणि ते १० मिनिटे तापलेले राहावयास हवे, असे समजू. म्हणजे नळीत सदैव सुमारे १७ लिटर मिश्रण असले पाहिजे. आतील व्यास २० मिलिमीटर असेल तर नळीची लांबी सुमारे ५३ मीटर येते. आणि तापल्यावर मिश्रण विरळ होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. ही नळी वेटोळी करून बसवितात. तिच्यातून बाहेर पडणारे तप्त मिश्रण आत येणाऱ्या थंड मिश्रणाला उष्णता देते, आणि मग दाब उतरवून उरलेले अल्कोहोल वाफेच्या रूपाने परत मिळवितात. ही उष्णतेची व अल्कोहोलची परतफेड नसेल तर सगळा आर्थिक हिशेब कोसळतो. थोडक्यात, येथे यंत्र म्हणजे भट्टी नव्हे, तर नळी, पंप आणि परतफेड यांची साखळी आहे.

‘भट्टी’ हा शब्द ही सर्व रचना झाकून टाकतो, आणि धोकाही झाकतो. सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांत ६७, ८७ किंवा ११० बार दाबाचे बॉयलर असतात. त्यांच्यावर परवानाधारक माणूस असतो आणि त्यांची तपासणी कायद्याने होते, हे या भागात सर्वांना माहीत आहे. येथे दाब त्यांच्या दुप्पट असू शकतो. आणि आत पाणी नसून मिथिल अल्कोहोल असते, जे विषारी आहे, ज्वालाग्राही आहे आणि ज्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ‘उत्प्रेरकविरहित भट्टी’ या दोन शब्दांनी जे चित्र उभे राहते ते बिनखर्चाच्या, साध्या चुलीचे. आणि वस्तू असते बॉयलरहून कडक शिस्त मागणारी. डाळजच्या कसोटीवर हे वर्णन पूर्णपणे नापास होते.

७

मात्र देशी शब्द येथे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. उलट, रचनेचे मूलभूत भेद सांगणारे शब्द आपल्या बोलीत तयार आहेत. परिभाषाकारांनी त्यांच्याकडे पाहिलेले नाही. विक्रियकांचे दोन मुख्य प्रकार: एकात माल भरून, शिजवून, काढून घेतात, दुसऱ्यात तो सतत वाहत असतो. पहिल्या प्रकारासाठी मराठीला शब्द शोधावा लागत नाही. भज्यांचा एक ‘घाणा’ काढतात. गुऱ्हाळात एका काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाला ‘आदण’ म्हणतात. क्योतोचे चमचाभर पात्र हा घाण्याचा विक्रियक होता. कारखान्यासाठी लागणारी नळी हा प्रवाहाचा विक्रियक आहे. ‘घाणा’ आणि ‘प्रवाह’ असे म्हटले की प्रयोगशाळेतील यश कारखान्यात जसेच्या तसे का नेता येत नाही, हे निम्मे स्पष्ट होते.

नळीतील प्रवाहाचा आदर्श असा, की आधी शिरलेला भाग आधीच बाहेर पडावा, मागचापुढचा मिसळू नये. म्हणजे प्रत्येक भागाला सारखाच वेळ मिळतो. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने तुकोबांची पालखी जाते, तेव्हा दिंड्यांचा क्रम असाच राखलेला असतो. या भागातील विद्यार्थ्याला हा दाखला दिला, तर निराळ्या व्याख्येची गरज उरणार नाही. द्रव नळीत जितका काळ राहतो त्याला ‘मुक्काम’ म्हणता येईल: मिश्रणाचा नळीतील मुक्काम दहा मिनिटांचा. असे शब्द हे ‘क्रांतिकातीत’सारख्या संज्ञेचे प्रतिस्पर्धी नव्हेत. संकल्पना नवी असेल तेथे घडविलेली संज्ञा हवी. कृती जुनीच असेल तेथे कृतीचा रूढ शब्द हवा. आपण नेमके उलट करतो. घाण्यासारख्या जुन्या गोष्टीला संस्कृत समास घडवितो आणि क्रांतिकातीत नळीसारख्या नव्या गोष्टीला भट्टी म्हणतो.

८

शब्द योग्य असले की प्रश्नही योग्य सुचतात, हे एका उदाहरणाने दाखवून लेख पुरा करतो. आपल्या भागात ही पद्धत आणावयाची तर तेल कोणते आणि अल्कोहोल कोणते? जवळच फलटणला १९६८ पासून निंबकर कृषी संशोधन संस्था करडईवर काम करीत आली आहे, म्हणून करडईचे नाव प्रथम सुचेल. परंतु सामान्य करडईतेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक असते, आणि अशी बहु-असंतृप्त आम्ले ३०० अंशांपलीकडे टिकेनाशी होतात. शिवाय ते खाण्याचे तेल आहे. करंज अधिक योग्य. त्यात ओलेइक आम्ल प्रमुख आहे आणि त्याचा खवटपणा या पद्धतीला बाधत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिरिधर मद्रास आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली सूर्यफुलाच्या आणि २००७ साली करंज, मोगली एरंड, भुईमूग व पाम या तेलांवर क्रांतिकातीत अल्कोहोलाचे प्रयोग प्रसिद्ध केले आहेत.

अल्कोहोलच्या बाबतीत ऊसपट्ट्याला मिथिलपेक्षा इथिल अल्कोहोल जवळचे. त्याची क्रांतिक सीमा सुमारे २४१ अंश आणि ६१ बार आहे, म्हणजे दाब काहीसा कमी; पालट मात्र थोडी संथ. रूढ पद्धतीला जे पूर्ण निर्जल अल्कोहोल लागते, त्याचा आग्रहही येथे सैल होतो, कारण पाण्याने साबण होण्याचे भय अल्कलीबरोबरच गेलेले असते. तापमान उतरविण्याचाही मार्ग आहे. क्योतोच्याच गटाने पुढे दोन पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी तप्त पाण्याने तेलातील मेदाम्ले सुटी करावयाची आणि मग त्यांचे एस्टर बनवावयाचे. त्यामुळे २७० अंशांच्या आसपास काम भागते आणि दाबही पुष्कळ उतरतो.

या विवेचनात निर्णयाला उपयोगी पडलेले शब्द कोणते, ते पाहावे: सीमा, तापमान, दाब, आधिक्य, मुक्काम, परतफेड. ‘उत्प्रेरकविरहित’ या शब्दाने एकाही निर्णयाला मदत केली नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा अशा यंत्रांची मराठी वर्णने यापुढे वाढतीलच. ती लिहिणाऱ्यांनी आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे भाषांतराकडे वळतील त्यांनी एक साधा नियम पाळावा, अशी विनंती आहे. ‘अमुकाशिवाय तयार होते’ असे अकर्मक वाक्य लिहिण्याचा मोह आवरावा. ‘तयार होते’ या क्रियापदात कर्ता नसतो, श्रम नसतात, खर्च नसतो. त्याऐवजी काय करावे लागते ते लिहावे: तेल आणि अल्कोहोल इतक्या दाबाखाली, इतक्या अंशांवर, इतक्या लांबीच्या नळीतून, इतकी मिनिटे वाहवावे लागतात आणि उरलेले अल्कोहोल परत मिळवावे लागते. हे वाक्य लांब आहे. परंतु ते वाचून डाळजचा वाचक विक्रेत्याला विचारील, की नळी कोणत्या धातूची, तिची तपासणी कोण करणार, आणि अल्कोहोल किती परत मिळते? परिभाषेने वाचकाला हे तीन प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य दिले, तर तिने आपले काम केले असे म्हणता येईल.